खालचा उतार

रालित्सानं आयुष्यात अवघड कामं काही कमी केली नव्हती, पण आपल्याच गावातल्या पुरुषांसमोर उभं राहून त्यांची शी मागायची, हे काम तिच्या वाट्याला पहिल्यांदाच येत होतं.

डिसेंबर सुरू झाला होता. चौकातल्या मेहानात, गावच्या जुन्या गुत्त्यात, शेगडी पेटली होती, टेबलांवर रकियाचे पेले आणि खारवलेली कोबी होती, आणि बाकांवर दाटीवाटीनं ते सगळे बसले होते, जे दर योर्दानोव्देनला, नाताळानंतरच्या पाणी पवित्र करायच्या सणाला, लुदा नदीत उतरून कमरेइतक्या गार पाण्यात होरोचा फेर धरायचे. त्यांना बोलावून आणलं होतं तिच्या थोरल्या भावानं, तिच्या बातेनं, वेलिझारनं. होरोच्या रांगेत निशाण घेऊन पुढे चालायचा मान त्याचा होता. त्याच्या आधी तो त्यांच्या वडिलांचा होता, त्यामुळे वेलिझारचा शब्द या मंडळींत सहसा कुणी खाली पडू देत नसे.

तिनं आडवळणं घेतली नाहीत. नदीत उतरायच्या आधी एकदा आणि नंतर काही आठवड्यांनी एकदा, प्रत्येकानं संडासाचा नमुना छोट्या डबीत द्यायचा. जे काठावर उभे राहतात त्यांनीही द्यायचा. नदीतले जंतू माणसाच्या पोटात जाऊन राहतात का, हे तिला बघायचं होतं. एवढं बोलून ती थांबली. कुणी कुणाकडे बघेना.

मग ढोलवाला चिचो स्पास, म्हणजे स्पासकाका, जो तिच्या वडिलांचा जुना दोस्त आणि आता सगळ्यांत म्हातारा होता, त्यानं पेला खाली ठेवला आणि अगदी काळजीनं विचारलं, "सोफियात एवढी टंचाई झालीय काय ग पोरी?"

मेहाना हसण्यानं दणाणला. रालित्सा म्हणाली, "टंचाई नाही, चिचो स्पास. पण तिथल्यांचा माल हलका असतो."

या उत्तरानं काम फत्ते झालं. वेलिझारनं टेबलावर थाप मारली, म्हणाला, माझ्या बहिणीनं मागितलंय, देऊन टाका, असंही तुमच्याकडे द्यायला दुसरं काय आहे. सगळ्यांनी तिच्या कागदांवर सह्या केल्या. नदीत प्रदूषण असू शकते आणि त्यात उतरण्यानं आरोग्याला धोका होऊ शकतो, असं त्या कागदावर छापलेलं होतं. ते कुणी वाचलं नाही, हे तिनं बघितलं. वाचून दाखवायला हवं होतं, असं तिला नंतर बरेचदा वाटलं.

लुदा नदी डोंगरातून येते तेव्हा तिचं पाणी इतकं स्वच्छ असतं की तळाचा गोटा न गोटा दिसतो. गावाच्या वर, जुन्या गिरणीपाशी तिला एक उतार आहे, पायी नदीत शिरता येईल अशी उथळ जागा. तिथून ती गावात शिरते, इस्पितळाच्या मागून जाते, मग बंद पडलेल्या कारखान्याला वळसा घालून पुलाखाली येते. तिथला उतार रुंद आणि सपाट. योर्दानोव्देनचा होरो तिथंच व्हायचा. पुलावर माणसं मावायची, टीव्हीवाल्यांना कॅमेरे लावायला जागा मिळायची.

तो कारखाना कुलपांना आणि नळांना निकेलचा मुलामा द्यायचा. अर्ध्या गावाचं पोट त्याच्यावर चाललं, रालित्साचं शिक्षणही त्यातूनच झालं. तिचे वडील मुलाम्याच्या हौदांवर कामाला होते. कारखाना बंद झाला, यंत्रं भंगारात गेली, पण हौदांतला गाळ काठावरच्या खड्ड्यांत तसाच राहिला. तांबं, जस्त, निकेल. पाऊस झाला की त्यातलं थोडं थोडं नदीत झिरपायचं. आणि वरच्या अंगाला इस्पितळाचं सांडपाणी येऊन मिळायचं, कारण ते शुद्ध करायचं यंत्र बिघडून कैक वर्षं झाली होती.

रालित्सा राजधानीत, सोफियातल्या एका संस्थेत जंतूंवर काम करायची. तिनं ही नदी कामासाठी निवडली तेव्हा सहकाऱ्यांना वाटलं, गावाच्या ओढीनं निवडली. तसं थोडं होतंही. पण तिला एक गोष्ट खुपत होती. इस्पितळातून येणारे, औषधांना न जुमानणारे जंतू नदीत पडले की थंड पाण्यात, औषधाशिवाय, हळूहळू मागे पडायला हवेत. औषधाशी लढायची कला बाळगायला जंतूला जड जातं. लढाईच नसेल तर तो ती टाकून देतो. इथं तसं होत नव्हतं. पुलाखाली ते जोमानं वाढत होते. शोधता शोधता तिला कळलं की ज्या युक्तीनं हे जंतू तांबं आणि जस्त आपल्या अंगातून बाहेर फेकतात, तिच्यासोबतच औषधांशी लढायच्या युक्त्याही एकाच गाठोड्यात बांधलेल्या असतात. धातूमुळे ते गाठोडं टाकता येत नाही. उलट एक जंतू ते दुसऱ्याला देतो, दुसरा तिसऱ्याला. औषधाचा एक थेंबही नसताना गाळच औषधांविरुद्धचं सैन्य पोसत होता.

तिनं हे लिहिलं, छापूनही आलं. नगरपालिकेतून दोन ओळींचं उत्तर आलं. नदीत जंतू असतातच.

तिचे विभागप्रमुख प्राध्यापक माल्चेव यांना याचं नवल वाटलं नाही. असे अहवाल कपाटात जाताना त्यांनी आयुष्यभर बघितले होते. पाण्यातल्या जंतूंनी कुणी जागचा हलत नाही, ते म्हणाले, माणसात दाखव. त्यातूनच होरोची कल्पना निघाली. मंजुरी देणाऱ्या समितीनं फार खळखळ केली नाही. ही माणसं दर वर्षी स्वखुशीनं उतरतातच; आपण त्यांना उतरवत नाही, फक्त बघतो.

गावातून परतताना तिनं सवयीनं पुलाखालचं पाणीही बाटल्यांत भरून आणलं होतं. शरदातल्या पावसात खड्ड्यांचा एक बांध ढासळलेला तिला दिसला होता. प्रयोगशाळेत तिनं त्या पाण्यातले जंतू बशांवर वाढवले आणि त्यांवर औषधांच्या टिकल्या ठेवल्या. औषध लागू पडत असेल तर टिकलीभोवती जंतू मरतात आणि स्वच्छ गोल कडं पडतं. दुसऱ्या दिवशी तिनं बशी उजेडात धरली. एकाही टिकलीभोवती कडं नव्हतं. बाकीची सगळी औषधं हरली की डॉक्टर जे शेवटचं औषध काढतात, त्याच्याही कडेला जंतू अगदी चिकटून वाढले होते, जणू ती टिकली तिथं नव्हतीच.

तिनं चाचणी पुन्हा केली. मग बशी घेऊन ती माल्चेवांकडे गेली आणि म्हणाली की होरोवाल्यांना थांबवायला हवं.

माल्चेवांनी बशी बराच वेळ निरखली. त्यांनी सह्या केल्यात, ते म्हणाले.

"कागदावर लिहिलंय, प्रदूषण असू शकतं. असू शकतं आणि आहे, यात फरक आहे."

"आहे. पण तू त्यांना थांबवलंस तर या वर्षापुरती त्यांची पोटं वाचतील. पुढच्या वर्षी? त्याच्या पुढच्या वर्षी? उन्हाळ्यात तिथं पोरं डुंबतात, त्यांचं काय? तुझ्या हातात माणसांचा पुरावा नसेल तर तो गाळ आपण दोघं मेल्यावरही तिथंच असणार. आणि जंतू पोटात बसला म्हणजे माणूस आजारी पडतो असं नाही. धडधाकट आहेत सगळे."

त्यांचं एकही वाक्य खोटं नव्हतं. तिनं बशी परत घेतली. नाताळ तिनं सोफियातच काढला. काही ठरवायचं नाही असं ठरवून ती काम करत राहिली.

मग एका दुपारी वहिनीचा, स्टांकाचा, फोन आला. स्टांकाला गप्पा मारायच्या होत्या. बोलता बोलता ती हसत म्हणाली की चिचो स्पासला साखरेच्या आजारानं पायाला जखम झालीय, डॉक्टरांनी एक बोट काढलं, आणि तरी म्हातारा म्हणतोय की पायाला प्लास्टिकची पिशवी बांधून ढोल घेऊन उतरणार. रालित्सानं फोन ठेवला आणि कोट चढवला.

गावात पोचल्यावर ती आधी भावाकडे गेली नाही. सणाला पाणी पवित्र करायला क्रूस ज्यांच्या हातून नदीत पडतो, त्यांच्याकडे गेली. धर्मगुरू येव्तिमी चर्चमागच्या पडवीत लाकडं रचत होते. ती बोलत असताना त्यांनी काम थांबवलं नाही; एकेक ओंडका उचलून नीट बसवत राहिले. तिचं संपल्यावर त्यांनी एवढंच विचारलं की वर, गिरणीच्या उताराला पाणी कसं आहे.

"तिथं मला असलं काही कधी सापडलं नाही, ओत्चे. तिथवर नदीला आपण भेटलेलोच नसतो."

"मग क्रूस तिथं पडेल," ते म्हणाले. हात झटकून ते तिच्याकडे वळले. "पाणी पवित्र करायचं काम माझं. पण ते खड्डे आपण भरले. ते उपसायचं काम देवावर ढकलायला मला लाज वाटते."

वेलिझारचं घर मात्र इतकं सोपं नव्हतं. बातमी तिच्या आधी तिथं पोचली होती. स्टांका ओट्याशी बानित्साची पोळी लाटत होती. तिनं पाठ वळवली नाही. वेलिझार उभाच होता.

तो ओरडला नाही. ओरडला असता तर तिला बरं वाटलं असतं. त्यानं तिला एकेक विचारलं. आपले वडील कुठल्या उताराला उतरायचे? पुलाखालच्या. त्यांना कधी काही झालं? नाही. त्या हौदांत कोपरापर्यंत हात घालून त्यांनी जन्म काढला की नाही? काढला. मग तो म्हणाला, "तू मेहानात येऊन सगळ्यांसमोर मागितलंस, मी सगळ्यांना द्यायला लावलं. आता तूच म्हणतेस उतरू नका. गावानं माझ्याकडे कुठल्या तोंडानं बघायचं? तू नक्की कुणाच्या बाजूची, राले?"

"तुमच्या. म्हणून तर दोन्ही वेळा आले."

"तुझे जंतू मला मारतील?"

ती खोटं बोलू शकली असती. "बहुतेक नाही," ती म्हणाली. "बाते, प्रश्न तुझा नाही. जे अशक्त असतात, म्हातारे, आजारी, त्यांना..."

"मी कुठं आजारी आहे?" तो म्हणाला आणि बाहेर गेला.

योर्दानोव्देनला सकाळी धुकं होतं. घंटा वाजल्या, आणि निम्मं गाव धर्मगुरूंच्या मागे गिरणीकडे चढू लागलं. चिचो स्पास ढोल मांडीवर घेऊन ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसला होता. आपण पाण्यात उतरणार नाही, काठावरून वाजवू, असं त्यानं जाहीर केलं होतं. जाताना तो वेलिझारला म्हणाला की ढोल क्रुसाच्या मागे जातो, तुझ्या मागे नाही. गायदा, ती चामड्याच्या पिशवीची सनई, वाजवणाराही वर गेला.

वेलिझार पुलाखाली आला. हातात निशाण होतं, आणि मागे होरोतले निम्मे गडी. पुलावर माणसं होती, पण त्यांच्यात दर वर्षीची गडबड नव्हती. रालित्सा काठावर उभी राहिली. शेवटचं म्हणून ती भावाजवळ गेली आणि त्याची बाही धरली. त्यानं ती झटकली नाही. हळूच सोडवून घेतली.

ते उतरले. भरतकामाचे पांढरे सदरे छातीपर्यंत भिजले. ढोल नव्हता, गायदा नव्हता, पाण्यात पडणारा क्रूस नव्हता. एकमेकांचे कमरपट्टे धरून ते गोल फिरू लागले आणि वेलिझार तोंडानं ताल देऊ लागला. पाण्याचा सपसप आवाज आणि त्याचा घोगरा आवाज, एवढंच ऐकू येत होतं. पुलावर एका बाईनं डोळ्यांना रुमाल लावला; का, ते तिलाही सांगता आलं नसतं.

तिथं उभी असताना रालित्साच्या ध्यानात आलं की गाव दोन सारख्या भागांत वाटलं गेलंय. तेच लोक, तेच अन्न, तोच दिवस. फरक फक्त उताराचा. असा प्रयोग जगातल्या कुठल्याही समितीनं तिला करू दिला नसता. तिच्या भावाच्या हट्टानं तो तिच्यासमोर मांडून ठेवला होता. हा विचार मनात आला तसं तिनं तोंड फिरवलं, जणू तो कुणीतरी शेजारून बोलून दाखवला होता.

वेलिझार काकडत, जांभळा पडून बाहेर आला. स्टांकानं त्याच्यावर घोंगडी टाकली. बहिणीजवळून जाताना तो म्हणाला, "घे. मोज आता."

सणाआधीच्या पहिल्या खेपेत कुणाच्याच बशीवर हा जंतू नव्हता. दुसऱ्या खेपेचे नमुने हिवाळा संपायच्या आत सोफियाला आले. सगळ्यांनी दिले, वेलिझारसोबतच्यांनीसुद्धा. दिलेला शब्द त्यांनी मोडला नाही. डब्यांवर नुसते आकडे आणि उताराची खूण होती, नावं माल्चेवांकडे. रालित्सानं बशा ओळीनं मांडल्या. गिरणीच्या उताराला उतरलेल्यांच्या बशा रिकाम्या होत्या. काठावर उभे राहिलेल्यांच्याही. पुलाखाली उतरलेल्यांपैकी बहुतेकांच्या बशांवर तोच जंतू वाढला होता, नदीतला, गाठोड्यासकट. इतकं स्वच्छ उत्तर तिला तिच्या सगळ्या नोकरीत मिळालं नव्हतं.

तिला आनंद झाला. खरा, अंगभर आनंद, जसा शोध लागल्यावर होतो. तो काही क्षणच टिकला, पण झाला हे तिला नाकारता येईना. मग माल्चेवांनी, ज्यांना कळवायला हवं त्यांची नावं एकेक वाचली. दुसरंच नाव वेलिझारचं होतं.

सगळ्यांना समोर बसून सांगायचं, फोनवर नाही, असं तिनं ठरवलं होतं. ती निघायच्या तयारीत असताना स्टांकाचा फोन आला. स्टांका रडत होती आणि हसतही होती. त्यांची मुलगी बिल्याना दिवस भरायच्या कितीतरी आधीच, सातव्या महिन्यात बाळंत झाली होती. मुलगी झाली होती, पावाच्या लादीएवढी, जिल्ह्याच्या इस्पितळात काचेच्या पेटीत ठेवली होती. स्टांका आणि वेलिझार गाडीतच होते, पोचतच आले होते.

"बातेला फोन दे," रालित्सा म्हणाली. त्याचा आवाज आल्यावर तिनं श्वास घेतला. "बाते, आत जाऊ नकोस. बाळाच्या खोलीत तर पाऊलच टाकू नकोस."

गाडीच्या इंजिनाचा आवाज येत राहिला. मग तो म्हणाला, "माझ्यात आहे का ते?"

"आहे."

"आणि स्टांका?"

"ठाऊक नाही. तपासेपर्यंत तिनंही जाऊ नये."

त्यानं फोन बंद केला.

ती पोचली तेव्हा तो इस्पितळाच्या आवारात बाकावर बसला होता. बर्फ वितळून सगळीकडे चिखल झाला होता. स्टांका गाडीत काचा वर करून बसली होती आणि तिनं नणंदेकडे बघितलं नाही. वेलिझारनं दोन्ही हात काखेत दाबून धरले होते, जणू ते मोकळे सोडले तर काहीतरी करून बसतील. रालित्सा शेजारी बसली तसा तो थोडा बाजूला सरकला.

"मला काही होत नाहीये," तो म्हणाला. "ताप नाही, काही नाही. सकाळी लाकडं फोडली."

"तुला होणारही नाही. तो तुझ्या पोटात नुसता बसलाय."

"मग हुसकाव त्याला. गोळी दे काहीतरी."

"गोळी नाही, बाते. तीच तर सगळी गोष्ट आहे. दिलीच तर पोटातले बाकीचे मरतील आणि त्याला जागा मोकळी होईल."

त्यानं यावर विचार केला. "किती दिवस राहील?"

"सांगता येत नाही. कुणाचा काही महिन्यांत जातो. कुणाचा वर्षभर जात नाही."

समोर तिसऱ्या मजल्यावर खिडक्यांची रांग होती. त्यातल्या कुठल्या खिडकीमागे ती काचेची पेटी आहे, हे दोघांनाही ठाऊक नव्हतं, तरी दोघंही तिकडेच बघत होते.

"आणि तिला झाला तर?"

"तिच्यात अजून लढायला काहीच नाही. आणि डॉक्टरांच्या हातातही काही उरणार नाही."

वेलिझारनं खिडक्यांवरची नजर खाली चिखलाकडे वळवली. "त्या दिवशी हे का नाही बोललीस?"

"बोलले होते."

"बोललीस. अशक्त माणसं म्हणालीस. अशक्त माणसं म्हणजे मला दुसऱ्याची वाटली."

तिलाही ती दुसऱ्याचीच वाटली होती. बिल्याना पोटुशी आहे हे तिला ठाऊक होतं. स्वयंपाकघरात भावाशी बोलताना ते तिला आठवलंही नव्हतं. ती म्हणाली, "बशा बघितल्या तेव्हा मला आनंद झाला होता. तुला ठाऊक असावं म्हणून सांगते."

त्यानं मान वळवून तिच्याकडे बघितलं. तो चिडेल असं तिला वाटलं. त्याचा चेहरा फक्त थकलेला होता. "झाला असेल," तो म्हणाला. "एवढी वर्षं राबलीस. उपयोग होईल त्याचा?"

"आता नाही म्हणायला त्यांना जड जाईल."

"मग माझं नाव लिही."

"नावं लिहीत नाहीत, बाते."

"तू लिहू नकोस. मी सांगेन."

आणि त्यानं सांगितलं. वसंतात नगरपालिकेची सभा भरली तेव्हा तो उभा राहिला. मी होरोचा पुढारी, मी माझ्यामागून या माणसांना त्या पाण्यात नेलं, आता माझ्या पोटात जे आहे त्यावर जगात औषध नाही, आणि माझ्या नातीला मी काचेतूनही बघितलेलं नाही. एवढंच बोलून तो बसला. सभागृहात ज्यांच्या पोटात तेच होतं त्यांतले काही खाली बघत राहिले. मग त्यांच्यातला एक उठला, मग दुसरा. पुढे मेहानात काही जण त्याच्या टेबलावरून पेले उचलून दुसरीकडे बसू लागले. रालित्सानं गावात येऊन समजावलं की पेल्यानं काही होत नाही, हात धुवा म्हणजे झालं. लोक माना डोलवायचे आणि तरी उठायचे. वेलिझारनं मेहानात जाणंच सोडलं.

स्टांकाच्या पोटात काही सापडलं नाही. ती इस्पितळात जाऊ लागली, मुलीजवळ राहू लागली. नवऱ्याशी ती धड बोलत नसे, आणि नणंदेशी त्याहून कमी. घरातला एक संडास वेलिझारनं स्वतःसाठी वेगळा केला. तो दिवसातून इतक्यांदा हात धुवायचा की कातडी फुटली.

रालित्साचं संशोधन छापून आलं. या वेळी मात्र राजधानीतून माणसं आली, रबरी बूट घालून काठावर फिरली. उन्हाळ्यात खड्ड्यांना नवा बांध घातला गेला, वर जाड कापड आणि माती टाकली गेली. गाळ उचलून न्यायचं ठरलंय. अजून नेलेला नाही. इस्पितळाच्या नव्या यंत्राला मंजुरी मिळाली आणि त्याचा पाया खणला गेला. पुलाखालच्या उताराला पाटी लागली. पोरं ती पाटी वाचतात आणि तिच्यावर कपडे वाळत घालून डुंबतात, म्हणून चिचो स्पास दुपारभर काठी घेऊन तिथं बसू लागला. त्याच्या पायाची जखम भरली होती.

दर महिन्याला सोफियाच्या बसथांब्यावर रालित्सासाठी एक पुडकं यायचं. ड्रायव्हर ते हात लांब धरून तिच्या हवाली करायचा. आत वेलिझारची, नीट बंद केलेली डबी असायची, सोबत चिठ्ठी नाही, फोन नाही. ती तपासायची आणि स्टांकाच्या फोनवर एकच शब्द पाठवायची. आहे. पुढच्या महिन्यात पुन्हा, आहे. ऑगस्ट उलटला तेव्हा पुडक्याशेजारी आणखी एक पुडकं आलं, वेगळ्या पिशवीत, वेगळ्या दोरीनं बांधलेलं. त्यात ल्युतेनित्साच्या चटणीची बरणी होती, घरच्या मिरच्यांची, आणि वर स्टांकाच्या अक्षरात लिहिलं होतं, ही मी भरलीय, त्यानं हात लावलेला नाही. रालित्सा थांब्यावरच हसू लागली, आणि हसता हसता तिला बाकावर बसावं लागलं.

द्राक्षं उतरवायच्या दिवसांत बशी पहिल्यांदा रिकामी आली. तिनं या वेळी शब्द पाठवला नाही, फोन केला. वेलिझारनं ऐकून घेतलं आणि म्हणाला, पुन्हा बघ. पुढच्या महिन्यातही ती रिकामी आली. एकदा अजून बघ, तो म्हणाला. माल्चेवांनी सांगितलं की एवढं पुरे आहे, माणसाला आता जाऊ दे. पण रालित्सानं भावाच्या मनाप्रमाणे तिसऱ्यांदा केलं.

नंतरच्या रविवारी ती त्याला बिल्यानाच्या घरी घेऊन गेली. मुलगी आता गुटगुटीत झाली होती, बसायला लागली होती, आणि तिला हा माणूस कोण ते ठाऊक नव्हतं. बिल्यानानं वडिलांच्या गालाचा मुका घेतला नाही, मिठीही मारली नाही. तिच्या मनात अजून अढी होती. तिनं बाळ पुढे केलं. वेलिझारनं हात आधी सदऱ्याला पुसले, मग थबकला आणि न्हाणीघरात गेला. पाणी बराच वेळ वाहत होतं. स्टांका दाराशी जाऊन म्हणाली, "पुरे आता, झिजतील ते."

तो बाहेर आला आणि बाळ घेतलं. छातीशी धरायच्या ऐवजी त्यानं तिला लांब, दोन्ही हातांवर आडवं धरलं आणि तसाच ताठ उभा राहिला. मुलीनं त्याच्याकडे टक लावून बघितलं, मग भोकाड पसरलं.

"जवळ घे तिला, बाबा," बिल्याना म्हणाली.

त्यानं बहिणीकडे बघितलं. रालित्सानं मानेनं होकार दिला. तेव्हा कुठं त्यानं तिला जवळ घेतलं.